दिलेला शब्द आणि न झालेले व्याख्यान



व्याख्यानमाला चालविणाऱ्यांची खरी चिंता कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर एकच मिळेल. पैशाची चिंता असतेच, मंडपाची असते, संध्याकाळी अवचित येणाऱ्या वळवाच्या सरीची असते. पण या सर्वांहून मोठी चिंता म्हणजे वक्ता येतो की नाही ही होय. इगतपुरीसारख्या गावी तर ती थोडी अधिकच. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग खुला झाला, तेव्हापासून मुंबईचा पाहुणा घाट चढून वर यायचा. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, तेव्हा ती इथवर पोचते. तेव्हा स्थानकावर उभ्या राहिलेल्या चिटणिसांचे डोळे गाडीच्या डब्यांकडे कसे लागलेले असतात, हे मी आज येथे उतरताना पाहिले. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो माझ्या विद्वत्तेबद्दलचा नव्हता. माणूस आला, एवढ्यापुरताच तो होता, हे मी जाणून आहे.

म्हणून आज मी विषयही तोच घेतला आहे. झालेल्या भाषणांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. न झालेल्या भाषणांचा इतिहास आपण फारसा पाहत नाही. परंतु जे भाषण ठरूनही झाले नाही त्याच्यामागे पत्रे राहतात, आणि त्या पत्रांत माणसे जशी दिसतात तशी सभेतही दिसत नाहीत. आपल्या मराठी भाषेत 'शब्द' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. जो तोंडाने उच्चारायचा तोही शब्द आणि जो दुसऱ्याला देऊन पाळायचा तोही शब्दच. व्याख्यान ठरविताना हे दोन्ही एकत्र येतात. शब्द बोलण्यासाठी शब्द द्यावा लागतो. आता हा दिलेला शब्द मोडतो तेव्हा तो कोणी मोडला असे आपण समजतो? वक्त्याने, दुसरे नावच आपल्या मनात येत नाही. ही समजूत कितपत खरी आहे, हे तीन हकिकतींवरून पाहावयाचे आहे. पहिली दूरची, विलायतेतली आहे. दुसरी पुण्याची. तिसरी लाहोरची, पण तिचे मूळ आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे.

पहिली हकिकत १७९५ सालच्या वसंत ऋतूतली. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी दोन तरुण कवी एका बिऱ्हाडात राहत होते. एक सॅम्युअल टेलर कोलरिज आणि दुसरा रॉबर्ट सदे. कोलरिज बावीस वर्षांचा, सदे विशीतला. आदल्या वर्षी ऑक्सफर्डला त्यांची गाठ पडली आणि दोघांनी मिळून एक स्वप्न रचले. अमेरिकेत सस्क्वेहाना नदीच्या काठी जाऊन बारा पुरुष आणि बारा स्त्रियांनी वसाहत करायची, जमीन सर्वांची, श्रम सर्वांचे, कोणी धनी नाही, कोणी चाकर नाही. स्वप्नाला पैसा लागतो, आणि पैसा दोघांपाशीही नव्हता. म्हणून त्यांनी तिकीट लावून सार्वजनिक व्याख्याने द्यावयास आरंभ केला. कोलरिज राजकारण व धर्म या विषयांवर बोले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याच वर्षी जूनमध्ये त्याने भाषण केले, आणि तेही गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या ब्रिस्टल बंदरात. सदेने इतिहासावर बारा व्याख्यानांची माला योजली.

या मालेतील चौथे व्याख्यान रोमन साम्राज्याच्या उदयास्ताविषयी होते. हा विषय माझ्या अभ्यासातला आहे, तेवढे एक व्याख्यान मला दे, असे कोलरिजने म्हटले, आणि सदेने आनंदाने ते त्याला दिले. त्या दिवशी दिवाणखाना भरून गेला. वेळ झाली, वक्ता नाही. पाव तास गेला, अर्धा तास गेला. शेवटी काही अपरिहार्य कारणाने आजचे व्याख्यान होणार नाही, असे श्रोत्यांना सांगावे लागले. बिचाऱ्या श्रोत्यांना वाटले, कोलरिजचा पाय मोडला असावा किंवा घरात काही दुःखद घडले असावे. या दोघांचा प्रकाशक मित्र जोसेफ कॉटल याने पुढे १८३७ साली आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात त्याने असा तर्क केला आहे की, स्वारी त्या वेळी घरीच चिलीम ओढीत सस्क्वेहानाचा विचार करीत बसली असावी!

कॉटलने दुसऱ्या दिवशी दोघांना त्यांच्या वाग्दत्त वधूंसह सहलीला नेले. त्या वधू सख्ख्या बहिणी होत्या. चेपस्टो गावी जेवणे झाली आणि सदेने कालचा विषय काढला. बोलता बोलता भांडण इतके पेटले की दोन्ही बहिणी आपापल्या माणसाची बाजू घेऊन उभ्या राहिल्या, आणि कॉटलला मध्यस्थी करावी लागली. त्या दिवशी समेट झाला खरा. पण तडा गेला तो गेलाच. त्याच वर्षी शरद ऋतूत सदेने वसाहतीचा नाद सोडला आणि तो पोर्तुगालला जावयास निघाला. तेव्हा नोव्हेंबरच्या १३ तारखेला कोलरिजने त्याला एक लांबलचक पत्र लिहिले. त्या पत्रात शब्द मोडल्याचा आरोप आहे. पण आता आरोपी बदलला आहे. वसंतात सदे म्हणत होता, तू एका संध्याकाळचा शब्द मोडलास. शरदात कोलरिज म्हणतो, तू साऱ्या आयुष्याचा शब्द मोडलास. दोघेही खरेच बोलत होते.

पुढची गोष्ट सांगितली नाही तर सदेवर अन्याय होईल. कोलरिजची ही सवय सुटली नाही. सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाच्या आग्रहावरून १८०८ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याची व्याख्याने ठरली. तीही आजारपणामुळे आणि अफूच्या व्यसनामुळे वारंवार चुकली. संसाराचेही तेच झाले. आणि त्याची बायको व तीन मुले यांचा भार वर्षानुवर्षे कोणी वाहिला? केझिक येथल्या घरात राहणाऱ्या त्याच सदेने. ज्याला एका व्याख्यानासाठी तोंडघशी पाडले, त्यानेच मित्राचे घर सांभाळले. वक्त्याने शब्द मोडला तर तो माणसाच्या स्वभावाचा दोष असतो. त्याचा राग येतो, भांडण होते, पत्रे लिहिली जातात. पण मैत्रीत तो दोष पोटात घालता येतो.

आता पुण्यास येऊ. आपण ज्याला वसंत व्याख्यानमाला म्हणतो तिची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घातली. रानडे आपल्याच जिल्ह्यातले. १८४२ साली ते निफाडला जन्मले. तेव्हा आजची ही सभा म्हणजे एका परीने निफाडच्या मुलाने लावलेल्या झाडाचेच फळ आहे. त्याच १८७५ साली रानड्यांनी स्वामी दयानंद सरस्वतींना पुण्यास आणविले आणि त्यांची व्याख्याने करविली. निरोपाच्या वेळी स्वामींची मिरवणूक काढायचे ठरले, तेव्हा सनातनी मंडळींनी ती उधळण्याचा बेत केला. अशा वेळी रानड्यांनी जोतीराव फुल्यांकडे मदत मागितली. जोतीरावांना दयानंदांचा वेदाभिमान मुळीच मान्य नव्हता. तरीसुद्धा ते आपल्या सत्यशोधक मंडळींना घेऊन मिरवणुकीच्या रक्षणाला गेले. विचार न पटणाऱ्यालाही बोलू दिले पाहिजे, यासाठी त्यांनी आपले अंग पुढे केले. ही गोष्ट लक्षात ठेवावी. ती पुढे लागणार आहे.

यानंतर तीन वर्षांनी, १८७८ च्या मे महिन्यात, लोकहितवादी आणि रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास पहिली ग्रंथकार सभा भरली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा वंश तिच्यापासून मोजतात. दुसरी सभा २४ मे १८८५ रोजी पुण्यासच भरली. अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे होते. या दुसऱ्या सभेचे बोलावणे रानड्यांनी जोतीरावांना पाठविले. जोतीराव आले नाहीत. आले नाहीत एवढेच नव्हे, तर का येत नाही याचे त्यांनी पत्र लिहिले, आणि ते 'ज्ञानोदय' पत्रात ११ जून १८८५ रोजी छापून आले.

त्या पत्राचा मथितार्थ असा आहे. जे लोक मनुष्यमात्राचे हक्क सर्वांना मनापासून, उघडपणे देत नाहीत, आणि त्यांची चालचलणूक पाहता पुढेही देतील असे दिसत नाही, त्यांच्या सभांचा व त्यांच्या पुस्तकांचा आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी मेळ बसत नाही. शूद्रादि अतिशूद्रांना कोणते दुःख सोसावे लागते ते या ग्रंथकारांना ठाऊक नाही. सर्वांची एकी व्हावी असे वाटत असेल तर ती कशाने होईल त्याचे मूळ आधी शोधून काढावे. नुसते कागद काळे करून ती होणार नाही.

हे पत्र वाचून पुष्कळांनी जोतीरावांना तिखट स्वभावाचे ठरविले आहे. पण त्यांच्या मागे कोणता अनुभव होता ते पाहा. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. ग्रंथकारांना उत्तेजन द्यायचे काम असलेल्या त्या कमिटीने ते परत केले. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा झाला. त्याचे पहिले काही भाग छापून त्यांच्या सहकाऱ्याच्याच 'दीनबंधु' पत्राने पुढचे छापणे थांबविले. म्हणजे ग्रंथकाराला मान देऊ म्हणणारी माणसे मजकूर पाहिल्यावर कशी मागे सरतात, हे त्यांनी परक्यांत पाहिले होते आणि आपल्यांतही पाहिले होते. दुसरीकडे रानड्यांसारखा थोर मनाचा पुरुषही विधवाविवाहाचा पुरस्कार करीत असता, १८७३ साली स्वतःवर वेळ आली तेव्हा वडिलांच्या इच्छेपुढे नमला आणि त्याने अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. पुढे त्या रमाबाईंना रानड्यांनी जे शिक्षण दिले त्याचे मोल महाराष्ट्र जाणतो. परंतु सुधारकांचा शब्द आणि आचार यांत किती अंतर पडू शकते, हे त्या काळी सर्वांसमोर होते.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. जोतीरावांनी शब्द मोडला नाही, कारण त्यांनी तो दिलाच नव्हता. येतो म्हणून न येणे आणि येत नाही असे कारणासह कळविणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दहा वर्षांपूर्वी रानड्यांनी हाक मारली तेव्हा ते धावून गेले होते. आता बोलावणे आले तेव्हा ते थांबले आणि त्यांनी उलट प्रश्न केला. तो असा की, तुम्ही मला खुर्ची देता. पण मी जे बोलणार आहे ते तुम्ही ऐकणार आहात काय? बोलावणे हेही एक वचनच असते. त्यात यजमानानेही काही कबूल केलेले असते. जोतीरावांना त्या कबुलीचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे नकार दिला. रानडे आणि ते यांचा वाद तेवढ्यावर थांबला नाही. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे असे रानड्यांनी एका भाषणात म्हटले, त्याला जोतीरावांनी त्याच १८८५ साली 'इशारा' ही पुस्तिका लिहून उत्तर दिले. सभेत गेले नाहीत, पण संवाद त्यांनी तोडला नाही.

जोतीरावांची शंका खरी होती की फाजील, याचा निकाल पन्नास वर्षांनी लागला. आणि तो लाहोरला लागला. ही तिसरी हकिकत.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या जिल्ह्यातील येवले येथे अस्पृश्यवर्गाची परिषद भरली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू होऊन वर्षांमागून वर्षे चालला होता, आणि दार उघडले नव्हते. येवल्याच्या त्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मास येणे माझ्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. ही घोषणा देशभर गाजली. इतकी गाजली की ती ज्याच्या कानी पडली नाही असा सुशिक्षित माणूस त्या हिवाळ्यात हिंदुस्थानात सापडणे कठीण होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या कानी तर ती खासच पडली होती.

हे मंडळ १९२२ साली स्थापन झाले होते. जात मोडावी असे मनापासून म्हणणाऱ्या सवर्ण सुधारकांची ती संस्था. चिटणीस संतराम हे पंजाबातील नावाजलेले हिंदी लेखक. 'क्रांति' नावाच्या मासिकातून ते जातिभेदाविरुद्ध लिहीत. मंडळाच्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद आंबेडकरांनी स्वीकारावे असे संतरामांच्या मनात आले. आंबेडकरांनी प्रथम नकार दिला. सवर्णांच्या सुधारणा-चळवळीत आपण सहसा भाग घेत नाही, त्यांची दृष्टी आणि आपली दृष्टी यांत फार अंतर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जोतीरावांच्या उत्तराशी हे उत्तर किती जुळते ते पाहा. आंबेडकरांनी पुढे १९४६ साली शूद्रांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ महात्मा फुल्यांनाच अर्पण केला, हे येथे आठवावे.

परंतु मंडळाने नकार ऐकला नाही. डिसेंबर १९३५ मध्ये संतरामांचे एक पत्र आंबेडकरांना आले. सगळे प्रकरण या पत्रावर उभे आहे. संतराम लिहितात की, जातीच्या प्रश्नाचा आपल्याइतका खोल अभ्यास दुसऱ्या कोणी केलेला नाही. ज्या धार्मिक कल्पनांवर जात उभी आहे त्या कल्पना नष्ट केल्यावाचून जात मोडणार नाही, असे जे आपले नवे सूत्र आहे, ते मला नीट उमगलेले नाही. ते आपण विस्ताराने समजावून सांगावे. आमची कार्यकारिणी आपणच अध्यक्ष व्हावे यावर ठाम आहे. आपल्या सोयीसाठी आम्ही तारखाही बदलू. पाठोपाठ मंडळाचा माणूस मुंबईस आला. तेव्हा आंबेडकरांनी होकार दिला. येवल्याच्या घोषणेला त्या वेळी दोन महिने होऊन गेले होते, हे विसरू नये.

आंबेडकर भाषण लिहावयास बसले. त्यांना ते आटोपशीर करायचे होते. पण मंडळाने प्रश्नावली पाठविली आणि तिची उत्तरे भाषणातच द्यावी असा आग्रह धरला. भाषण वाढत गेले. प्रकृती बरी नसता त्यांनी ते श्रम घेतले. परिषद ईस्टरमध्ये व्हायची होती, ती पुढे गेली. छापण्यावरून थोडी कुरबुर झाली. मंडळाला ते लाहोरला छापायचे होते, आंबेडकरांना मुंबईत. मार्चच्या अखेरीस पत्रांचा सूर बदलला. लाहोरहून कळविण्यात आले की, पंजाबातील बहुतेक हिंदू पुढारी आपल्याला बोलावण्याच्या विरुद्ध आहेत, भाई परमानंदांसारखी मोठी माणसे मंडळापासून दूर झाली आहेत, आणि तरीही आम्ही आपला आग्रह सोडलेला नाही. तेव्हा आपणही आमच्या अडचणी वाढवू नयेत.

एप्रिलमध्ये मंडळाचे हरभगवान मुंबईस येऊन भाषणाचा तयार झालेला भाग घेऊन गेले. त्याच महिन्यात आंबेडकर शीख परिषदेसाठी अमृतसरला जाऊन आले. तेथून लाहोर जेमतेम पन्नास किलोमीटर. पुढे भाषणाचा उरलेला भाग लाहोरला गेला, आणि २२ एप्रिलला हरभगवानांचे पत्र आले. पत्र अतिशय नम्र आहे. उन्हाळा वाढत चालला आहे, तरी आपली व्यवस्था शक्य तितकी चांगली ठेवू, असे आरंभी म्हटले आहे. मग मुद्दा येतो. भाषण फार लांबले आहे. वेदांच्या आणि धर्मग्रंथांच्या नीतीवर व युक्ततेवर त्यात विनाकारण हल्ला आहे. हिंदू समाजातून बाहेर पडण्याचा आणि हिंदू म्हणून हे शेवटचे भाषण असल्याचा उल्लेख आहे. हा सर्व भाग विषयाला सोडून आहे, तेव्हा तो गाळावा. नाहीतर परिषद बेमुदत पुढे ढकलणेच स्वागत समितीला बरे वाटेल.

आंबेडकरांचे उत्तर २७ एप्रिलचे आहे. सभा-संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे असे मला वाटते. ते म्हणतात, बेमुदत पुढे ढकलणे असले मोघम शब्द कशाला? सरळ रद्द करावी. अध्यक्षपदाच्या मानासाठी, भाषण तयार करण्याचे जे स्वातंत्र्य प्रत्येक अध्यक्षाला असलेच पाहिजे, ते मी सोडणार नाही. स्वल्पविरामही बदलणार नाही असे मी आधीच सांगितले होते. विषयाला धरून काय आणि सोडून काय, हे वकील म्हणून मलाही कळते. माझा निष्कर्ष चुकीचा आहे असे म्हणण्याचा तुम्हांला अधिकार आहे. पण जात कशी मोडेल हा विषय असता ती मोडण्याचा उपायच मी सांगू नये, असे तुम्ही म्हणू शकत नाही. भाषण लांबले याचा दोष प्रश्नावली धाडणाऱ्यांचा आहे. आणि शेवटी, आता समितीने संपूर्ण भाषण मान्य केले तरी मी अध्यक्ष होणार नाही.

परिषद झाली नाही. मुंबईहून लाहोरकडे जाणारी पंजाब मेल त्या काळी रोज याच इगतपुरीवरून जात असे. त्या मे महिन्यातही ती रोज गेली. हे भाषण मात्र मुंबईत छापील प्रतींच्या गठ्ठ्यांत पडून राहिले.

मग आंबेडकरांनी काय केले? मे १९३६ मध्ये त्यांनी ते भाषण स्वतः प्रसिद्ध केले. किंमत आठ आणे. आरंभी सर्व पत्रव्यवहार छापला, संतरामांचे ते पहिले पत्रही छापले, आणि निकाल वाचकांवर सोपविला. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे ते पुस्तक. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. महात्मा गांधींनी जुलै महिन्यात 'हरिजन'मध्ये त्यावर दोन लेख लिहिले. आंबेडकरांची मते त्यांना मान्य नव्हती. परंतु भाषण नाकारण्यात स्वागत समितीची चूक झाली, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आंबेडकरांनी दुसऱ्या आवृत्तीत गांधींना उत्तर दिले. लाहोरच्या दिवाणखान्यात काहीशे लोकांनी ऐकले असते ते भाषण आज नव्वद वर्षे जगभर वाचले जात आहे.

आणि संतराम? त्यांच्याविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण या गोष्टीत सर्वांत अवघड जागा त्यांची आहे. त्यांनी बोलावले ते मनापासून बोलावले होते. ते एकटे होते असेही नाही. पण समिती, देणगीदार, पुढारी, वर्तमानपत्रे या सर्वांपुढे त्यांचा शब्द टिकला नाही. म्हणून त्यांनी तोंड लपविले नाही. गांधींनी आपल्या लेखात वर्णव्यवस्थेची तरफदारी केली तेव्हा संतरामांनी त्यांना पत्र लिहून तिला हरकत घेतली, आणि ते पत्र 'हरिजन'मध्ये १५ ऑगस्ट १९३६ च्या अंकात छापले गेले. जे व्यासपीठ ते मित्राला देऊ शकले नाहीत, त्याची भरपाई त्यांनी आपल्या लेखणीने काही अंशी केली. सदेने कोलरिजचे घर सांभाळले तसेच हे.

या तीन हकिकती एकापुढे एक ठेवल्या म्हणजे काय दिसते? कोलरिजने शब्द दिला आणि मोडला. लोक अर्धा तास तिष्ठले, रागावून घरी गेले, एक संध्याकाळ वाया गेली. फुल्यांनी शब्द दिलाच नाही. त्यांनी कारण लिहून कळविले, आणि ते पत्र ज्या सभेला ते गेले नाहीत तिच्या कामकाजापेक्षा अधिक काळ टिकले. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९९९ साली धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. त्या सर्वांनी आपली वाट १८८५ च्या त्या पत्रापासून मोजली. तिसऱ्या हकिकतीत वक्त्याने शब्द पाळला. त्याने तारीख स्वीकारली, श्रम घेतले, भाषण लिहिले, छापलेसुद्धा. शब्द मोडला तो यजमानांनी. आणि तो का मोडला? वक्ता तयारीनिशी आला नाही म्हणून नव्हे. जे समजावून सांगा म्हणून बोलावले, तेच त्याने समजावून सांगितले म्हणून.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, वक्ता न आल्याचा राग आपण मनात धरतो, तसा यजमानाने शब्द मोडल्याचाही धरावा. नव्हे, अधिक धरावा. आपण बोलावण्याचे पत्र पाठवितो तेव्हा दोन वचने देतो. एक व्यासपीठाचे आणि दुसरे ऐकून घेण्याचे. पहिले पाळणे सोपे आहे. त्याला मंडप, ध्वनिक्षेपक आणि फुलांचा हार पुरतो. दुसरे अवघड. वक्ता निवडताना समितीने हवी तेवढी चर्चा करावी, विषय न पटल्यास बोलावू नये. त्यात काही गैर नाही. पण एकदा शब्द गेला म्हणजे कात्री बाजूला ठेवावी. भाषण न पटल्यास उत्तर द्यावे, लेख लिहावा, पुढच्या वर्षी दुसरा वक्ता आणावा. फुले दयानंदांच्या मिरवणुकीत चालले ते दयानंदांची मते पटली म्हणून चालले नव्हते.

व्याख्यानमालेच्या चिटणिसांना माझी एक विनंती आहे. वक्त्यांची आलेली पत्रे तुम्ही जपून ठेवीत असालच. तुम्ही पाठविलेल्या पत्रांच्या नकलाही ठेवा. होकाराची पत्रे ठेवा आणि नकाराचीही ठेवा. संतरामांचे पहिले पत्र जपून राहिले म्हणून कोणी काय मागितले होते ते आज आपल्याला सांगता येते.

आपण मला बोलावलेत, आणि जे बोललो ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलेत. दोन्ही वचने आपण पाळलीत. परतीची गाडी गाठायची आहे, म्हणून आता आपली रजा घेतो.